बायकोचं मनगट मोडलं, भाकरी मात्र माझी मोडते

"ताई, सप्रेम नमस्कार.

मी सांगलीत विश्रामबागला राहतो. पाटबंधारे खात्यात ३१ वर्षं काढून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. तीन आठवड्यांपूर्वी सौ. अंगणात पाय घसरून पडली, उजवं मनगट मोडलं, सध्या प्लॅस्टर आहे. मुलगी पुण्याला, मुलगा बंगळूरला. घरात आम्ही दोघं आणि ८२ वर्षांची आई. आई मूळची जतकडची. तिला दोन्ही वेळा शाळूची, म्हणजे रब्बी ज्वारीची, भाकरी लागते. पोळी-भाजी केंद्रातून आठ दिवस भाकरी आणली. आईनं तुकडा मोडला, वास घेतला आणि ताट सरकवलं.

मग मीच परात पुढं ओढली. गोळा हातात असेपर्यंत सगळं ठीक असतं. थापायला लागलं की कडा फाटतात, उचलताना मधोमध दोन तुकडे होतात. कशीबशी तव्यावर गेलीच तर वर भेगा पडतात, फुगायचं नाव नाही. चपाती करून बघितली, ती तासाभरात पापड झाली. एका प्रदर्शनातून विजेवर चालणारं रोटीचं यंत्र आणलं, त्यात ज्वारीचा भुगा झाला. पिठाचा प्रश्न नाही. महिन्याचं दळण एकदमच आणून डबा भरून ठेवलाय. पाणीही नळाचं, स्वच्छ. आई म्हणते, 'बाप्या माणसाच्या हातची भाकर फुगत नसती.' सौ. काही बोलत नाही, पण मी पिठात हात घातला की तिचे डोळे भरून येतात. माझं काय चुकतंय? की खरंच हातालाच गुण नाही?

– एक नवशिका, सांगली"

दादा, नमस्कार.

तुमचं काय चुकतंय ते तुम्हीच पत्रात लिहिलंय. फक्त ते 'प्रश्न नाही' म्हणून लिहिलंय. महिन्याचं दळण एकदम आणून ठेवलंय म्हणता. गव्हाचं असतं तर मी काही बोलले नसते. ज्वारीचं पीठ इतके दिवस डब्यात बसलं की त्याची विरी जाते. विरी म्हणजे काय ते आईंना विचारा, त्या दोन बोटं चोळून दाखवतील. तुम्हाला शब्दांत सांगायचं तर पिठाचा धरून ठेवायचा गुण. गव्हात ग्लुटेन असतं. कणीक भिजवून मळली की त्याची रबरासारखी जाळी तयार होते, ती ताणली जाते पण तुटत नाही. ज्वारीत ते मुळातच नाही. तिथं सगळा भार पिठातल्या स्टार्चवर आणि पीठ किती ताजं आहे त्यावर. विरी गेलेलं पीठ फसवं असतं. भिजतं, गोळाही होतो, दिसायला गुळगुळीत दिसतो, आणि थापायला घेतला की कडेनं सुटायला लागतो. तुमची भाकरी उचलताना मधोमध मोडते ती यामुळं. त्यात तुमच्या हाताचा काही गुन्हा नाही.

माझ्यावर विसंबू नका, पडताळून बघा. उद्या सकाळी किलोभर शाळू गिरणीत नेऊन दळून आणा. घरी आलात की पीठ ताटात पसरून निवू द्या, आणि त्याच दिवशी एक भाकरी ताज्या पिठाची, एक डब्यातल्या पिठाची, अशा दोन करा. हात तोच, तवा तोच. फरक परातीतच दिसेल.

यापुढं दळण आठ-दहा दिवसांचं आणायचं, जास्त नाही. आई एक भाकरी खातात, तुम्ही दीड-दोन, वहिनी एक, असं धरा आणि गणित करा. तुम्हाला गणित सांगायची गरज नाही. गिरणीवाल्याला 'भाकरीचं, बारीक' एवढं म्हटलं की पुरतं. आणखी एक बघायचं ते म्हणजे तुमच्या आधी जात्यात काय पडलं होतं. आमच्या इथल्या एका गिरणीनं मागच्या वर्षी हरभऱ्याच्या डाळीवर माझा शाळू दळून दिला. पहिले दोन-तीन मूठ पीठ पिवळसर होतं, मी म्हटलं असू दे. चार दिवस भाकरीला बेसनाचा वास आणि नातवाचा प्रश्न, "आजी, हे पिठलं आहे का?" तेव्हापासून मी कुणीतरी ज्वारी दळून घेतली की लगेच माझा डबा पुढं करते, थांबावं लागलं तरी थांबते.

डब्यातलं जुनं पीठ टाकू नका. त्यात थोडी कणीक आणि थोडं बेसन घालून थालीपिठं लावा, ती दोन्ही पिठं त्याला धरून ठेवतात. पातळ कालवून कांदा-मिरचीची धिरडी होतात. आईंना रात्री ताकातली आंबील आवडेल. पंधरवड्यात डबा रिकामा होईल.

धान्याचंही जरा बघा. शाळू म्हणून पिशवीत काय दिलंय ते मूठभर तळहातावर घेऊन उजेडात बघायचं. खरा शाळू टपोरा, मोत्यासारखा चमकदार. तो रब्बीचा; परतीच्या पावसावर पेरायचा आणि पुढं जमिनीतल्या ओलीवर आणि थंडीवर पोसायचा, म्हणून दाणा निर्मळ भरतो. पावसाळी ज्वारी कणीस भरताना पावसात सापडली की दाणा काळपटतो, आणि तिची भाकरी आईंसारख्या माणसाला एका वासात कळते. केंद्रातली भाकरी त्यांनी सरकवली त्यामागं हेच असावं, नाहीतर शिळं पीठ. फेब्रुवारी-मार्चमध्ये सुगी होते, तेव्हा वर्षाचं धान्य भरून ठेवा. धान्य टिकतं, पीठ टिकत नाही. जत, कवठेमहांकाळ, आटपाडी, इकडं आमच्या माण-खटावात अजून चांगला शाळू मिळतो. पूर्वीइतका नाही हे खरं. म्हैसाळ, टेंभू या उपसा योजनांचं पाणी पोचलं तिथं लोकांनी द्राक्षं लावली, डाळिंब लावलं, ऊस लावला. लावणारच. पाणी दारात आल्यावर शाळू कोण करत बसेल? म्हणजे तुमच्याच खात्यानं आईंची भाकरी महाग करून ठेवली आहे, हे त्यांना सांगू नका.

आता पाणी. ३१ वर्षं तुम्ही लोकांच्या शेतात पाणी सोडलंत, आवर्तनं मोजलीत, आणि घरच्या परातीत मात्र नळाचं गार पाणी ओतलंत! लहानपणी आपण वह्यांना कव्हर चिकटवायला पिठाची खळ करायचो, आठवतं? गार पाण्यात कालवलेलं पीठ काही चिकटवत नाही. तेच चुलीवर उकळलं की घट्ट, चिकट खळ होते. भाकरीच्या पिठात उकळतं पाणी घातलं की थोडी अशीच खळ पिठाच्या पोटात तयार होते, आणि ग्लुटेन नसण्याची कसर ती भरून काढते. अगदी दोन दिवसांच्या पिठाला जाणत्या बायका कोमट पाणीही वापरतात. तुम्ही आत्ता त्या वाटेला जाऊ नका. तुम्हाला आधणाचंच पाणी.

किती, ते सांगते. एका भाकरीला एक लहान वाटी भरून पीठ, आणि त्याच वाटीनं पाऊण वाटीच्या आतबाहेर पाणी. आतबाहेर म्हणते कारण प्रत्येक दळण वेगळं पितं. परातीत पिठाचं आळं करायचं, तुम्ही झाडाला करता तसं. मधे उकळतं पाणी ओतायचं, सगळं नाही, दोन घोट मागं ठेवायचं. चमच्यानं ढवळून वर ताटली झाकायची आणि पाच मिनिटं कुठंही निघून जायचं. परत याल तेव्हा पीठ हाताला सोसेल इतकं गरम असेल. मग मळायला घ्या, लागेल तसा मागं ठेवलेल्या पाण्याचा हबका मारत. एका वेळी एकाच भाकरीचं पीठ मळायचं. चपातीसारखा सगळा गोळा मळून झाकून ठेवलात तर शेवटच्या भाकरीपर्यंत तो निवून कोरडा पडतो आणि परत फाटाफाट.

मळणं म्हणजे तुम्ही बहुतेक बोटांनी चिवडत असणार. नवीन माणूस तेच करतो. तळव्याचा मनगटाकडचा भाग पिठावर ठेवून पुढं रगडायचं, दुमडून जवळ ओढायचं, परत रगडायचं. अंगाचा भार त्यात घालायचा. तीन-चार मिनिटं. पीठ सुरुवातीला भरभरीत असतं, मग एका क्षणी ते परातीला चिकटायचं सोडतं आणि ओल्या मातीसारखं मऊ लागतं. मग गोळा वळून तळहातावर ठेवा आणि दुसऱ्या हातानं जरासा दाबा. कडेला भेगा पडल्या तर थापायला घेऊच नका. पाण्याचा हात लावा आणि अजून रगडा. जी भेग गोळ्याला आहे ती भाकरीला चौपट होऊन दिसते.

मला हे सगळं जन्मतः येत होतं असं समजू नका. मी पाटण तालुक्यातल्या डोंगरातली. आमच्याकडं तांदळाची आणि नाचणीची भाकरी. ती उकड काढून करायची: पाणी उकळलं की पातेल्यातच पीठ टाकायचं, झाकण ठेवून वाफ आणायची, मग मळायचं. लग्न होऊन खटावात आले आणि पहिल्याच दिवशी शाळूच्या पिठाची उकड काढली. घरात पाहुणे बसलेले. सासूबाई चुलीशी आल्या, पातेल्यात बघितलं आणि म्हणाल्या, "पोरी, खळ कशाला केलीस? पतंग चिकटवायचेत का?" सगळे हसले, मी मागच्या परड्यात जाऊन रडले. पण गंमत बघा, त्याच पिठाची भाकरी सासूबाईंनी थापली आणि ती फाटली नाही. दोन दिवसांनी कुणी नसताना म्हणाल्या, दळण जुनं असेल तेव्हा तुझ्या माहेरची रीत बरी. तुम्हाला वर सांगितलेली आळं करून झाकून ठेवायची रीत ही त्या दोन घरांच्या मधली आहे.

थापायच्या आधी अंगठी काढून ठेवा. भाकरीवर तिचा वळ उठतो आणि तिथंच ती फाटते. स्टीलची परात कट्ट्यावर सरकत असेल तर खाली ओलं फडकं घाला. जुन्या बायका काठवटीत थापायच्या, ती जड लाकडाची, जागची हलायची नाही. परातीत कोरडं पीठ भुरभुरा, कंजुषी नको. त्यावर गोळा ठेवून उजव्या हाताच्या बोटांनी, तळव्यानं नव्हे, हलके थापायला लागा. मधून कडेकडं. डाव्या हाताचा पंजा भाकरीच्या कडेला भिंतीसारखा उभा धरायचा म्हणजे कड फाटायला जागाच उरत नाही. थापता थापता भाकरी आपोआप गरगर फिरली पाहिजे. फिरायची थांबली म्हणजे खालचं पीठ संपलं. तशीच रेटू नका, कड उचलून खाली चिमूटभर सरकवा. जाडी सगळीकडं सारखी हवी. मधे जाड आणि कडेला पातळ झाली की फुगत नाही, आणि तुमची अशीच होत असणार. पातळ करायची हौस आत्ता नको. आईंच्या दातांना थोडी जाडसर, मऊ भाकरीच बरी.

उचलायची कशी, हे लिहून सांगणं अवघड. दोन्ही हातांची बोटं पसरून खालून घालायची आणि एका दमात उचलून तव्यावर उलटी टाकायची, म्हणजे परातीत जी बाजू खाली होती, कोरड्या पिठाची, ती तव्यावर वर आली पाहिजे. इथं पुष्कळ जण चुकतात. पिठाची बाजू वर, कारण आता तिच्यावरच पाणी फिरवायचं आहे. पाणी लगेच, भाकरी टेकल्या टेकल्या, ओल्या हातानं किंवा फडक्यानं, कडेपर्यंत. कोरडं पीठ दिसता कामा नये. तुमच्या भाकरीला वरून भेगा पडतात त्या या पाण्याच्या दिरंगाईमुळं.

तवा लोखंडी, जाड बुडाचा, आणि आधीपासून चांगला तापलेला. पाण्याचे दोन थेंब टाकून बघा. टाकल्या टाकल्या नाचत उडाले की झालं. मग पाण्याचा ओला चकाकता थर पुसट व्हायला लागला, पण पुरता वाळला नाही, अशा वेळी उलथन्यानं पलटायची. लवकर पलटलीत तर तव्याला चिकटेल, उशीर केलात तर तडकेल. हा मधला क्षण सांगता येत नाही, चार-पाच भाकऱ्यांत डोळ्याला कळतो. पाण्याची बाजू नीट, सावकाश भाजू द्या. ती कच्ची राहिली तर पुढचं काही जमत नाही. कड उचलून बघा, तपकिरी ठिपके आले की तवा बाजूला घेऊन भाकरी थेट आचेवर पहिल्या बाजूनं धरा. आतल्या ओलीची वाफ होते, तिला बाहेर पडायला भेग मिळाली नाही की ती वरचा पापुद्रा उचलते. फुगणं म्हणजे एवढंच. बाईच्या हाताला आणि बाप्याच्या हाताला वाफ वेगळी निघत नाही.

हे सगळं जमेपर्यंत घर उपाशी ठेवायचं का? मुळीच नाही. पहिले आठ दिवस पोळपाटावर भरपूर पीठ घेऊन भाकरी सरळ लाटा. हलक्या हातानं, लाटणं दाबून न फिरवता. लाटलेल्या भाकरीला नाक मुरडणाऱ्या बायका खूप आहेत. त्यांतल्या निम्म्या स्वतः लाटतात आणि दार लावून लाटतात. किंवा ओल्या फडक्यावर थापा, थालिपिठासारखी, आणि फडक्यासकट तव्यावर उलटी करून फडकं सोडवून घ्या. आणखी एक जुनी युक्ती म्हणजे ज्वारी दळायला देताना किलोला मूठभर उडीद घालणं. उडीद चिकट, तो ज्वारीला धरतो. खानदेशात ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी करतातच. आईंना चव बदललेली कळेल, पण वाईट लागणार नाही. कणीक मात्र मिसळू नका, ती भाकरीला वातड करते आणि तुम्हाला खोटा भरवसा देते.

बाजरीकडं इतक्यात वळू नका. बाजरीत तेलाचा अंश जास्त, पीठ ज्वारीहूनही लवकर कडवट होतं. ती भोगीला करा, तीळ लावून, तेव्हा हात बसलेला असेल.

चपातीचं थोडक्यात सांगते, कारण ती तुमच्याकडून आपोआप सुधारेल. पापड होते म्हणजे कणीक घट्ट भिजवताय आणि तवा मंद ठेवताय. मंद तव्यावर चपाती भाजत नाही, वाळते. कणीक भाकरीच्या उलट वागते, तिला गरम पाणी नको, घाई नको. सैलसर भिजवा, तेलाचा हात लावून मळा, झाकून अर्धा तास विसरून जा; तेवढ्यात ग्लुटेनची जाळी सैलावते आणि लाटताना कणीक मागं ओढत नाही. घडी घालताना आत तेल आणि चिमूटभर पिठी. तवा तापलेला, पलटणं झटपट, आणि उतरवली की लगेच फडक्यात गुंडाळून डब्यात. पीठ खपली गव्हाचं असेल तर नवशिक्यानं ते पुरणपोळीसाठी ठेवावं. आपल्या कृष्णाकाठी खपलीचं फार कौतुक, आणि खीर तर तिचीच. पण तिचं ग्लुटेन अशक्त असतं, चपाती लाटताना तुटते.

यंत्राबद्दल काय बोलू? ते गव्हाच्या सैल कणकेसाठी असतं, दाबून पसरवायला. ज्वारी दाबून पसरत नाही. विकणाऱ्यानं "सगळ्या पिठाच्या होतात" असं सांगितलं असणार. माळ्यावर टाका. पैसे गेले ते गेले. वहिनींसमोर त्याचा विषय काढू नका, इतकंच.

आईंच्या वाक्याचं उत्तर तुम्ही देऊ नका, मी देते. माझे वडील साताऱ्यात रयत शिक्षण संस्थेच्या बोर्डिंगात शिकले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी, म्हणजे अण्णांनी, १९२४ साली सुरू केलेलं ते बोर्डिंग. सगळ्या जातींची पोरं एका छपराखाली राहायची, एका पंगतीला बसायची, कामं वाटून घ्यायची. वडील तिथं भाकरी थापायला शिकले. पुढं शिक्षक झाले, सायकलवरून गावोगाव बदल्या झाल्या, आणि आई माहेरी असली की आमच्या भाकऱ्या तेच करायचे. आईच्या भाकरीपेक्षा जरा जाड, पण कधी न फुगलेली मला आठवत नाही. फुगली की ते तिला टिचकी मारायचे आणि "पास!" म्हणायचे. हे आईंना वाचून दाखवा. त्या म्हणतील, "ते मास्तर हुते, त्यांचं येगळं." म्हणू द्यात.

खरं तर आईंना परातीशेजारी खुर्चीत बसवायला हवं. ८२ वर्षांच्या जतच्या बाईला ७२ चा दुष्काळ आठवतो, तेव्हाची ती परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी आठवते. ज्या बाईनं मिलोची भाकरी थापून लेकरं जगवली तिच्या बोटांना पिठाबद्दल जे कळतं ते तुम्हाला इथं लिहून देता येणार नाही. गोळा मळून झाला की त्यांच्या हातात द्या आणि विचारा, "आई, झालं का?" त्या नुसतं दाबून "अजून" म्हणतील. आणखी रगडा.

वहिनींचे डोळे का भरतात, याचा तुम्ही काय अर्थ लावलाय ते पत्रात नाही. कौतुकानं, असं वाटत असेल तर थोडं असेलही. पण मला ते दुसरं काही वाटतं. जी परात इतकी वर्षं त्यांच्या हातात होती ती आता दुसऱ्याच्या हातात विस्कटताना बसून बघायची, आणि बोललं तर सासूबाई ऐकतील, नवरा दुखावेल, म्हणून गप्प बसायचं. त्यांना बोलू द्या. डावा हात चांगला आहे ना? परातीत कोरडं पीठ भुरभुरायचं काम त्यांच्याकडं. तव्यापासून लांब, पण परातीजवळ. एकदा का त्या "अहो, असं नाही, कड धरा!" म्हणून ओरडल्या की डोळे भरायचे थांबतील.

मनगटाचं मात्र हलक्यावारी घेऊ नका. प्लॅस्टर साधारण सहा आठवड्यांनी निघतं, पण त्यानंतर मनगट आखडलेलं असतं, मूठसुद्धा घट्ट वळत नाही. भाकरी रगडणं आणि थापणं दोन्ही मनगटावरच येतं. डॉक्टर आणि व्यायाम शिकवणारे फिजिओथेरपिस्ट होय म्हणेपर्यंत परात त्यांच्याकडं परत द्यायची नाही, त्यांनी मागितली तरी. आणि पुढच्या खेपेला जाल तेव्हा डॉक्टरांना हाडांच्या तपासणीचं विचारा. पाळी गेलेल्या बाईचं नुसतं घसरून मनगट मोडलं तर हाडं ठिसूळ झालीत का हे बघून घ्यायला हवं. आपल्याकडं बायका हे स्वतःहून विचारत नाहीत.

मधे एखाद्या दिवशी कंटाळा आला तर खुशाल केंद्रातून चपात्या आणा. भाकरीला दुसरं काही जमलं नाही तरी चार हिरव्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे आणि मीठ तव्यावर भाजून तिथंच वाटीनं रगडून खर्डा करा. तव्यावरचं हे काम तुम्हाला पहिल्याच दिवशी येईल, आणि तेवढ्यावर आई अर्धी भाकरी जास्त खातील.

पहिली भाकरी तवा बसायच्या आत होते, त्यामुळं ती माझीही बिघडते. आमच्या घरी ती गायीची. विश्रामबागेत गाय मिळाली नाही तर तुम्हीच दुधात कुस्करून खा. दुसरी आईंच्या ताटात वाढा. फुगली होती की नाही हे सांगू नका. त्या कडेला बोट घालून पदर सुटतो का ते बघतील.